एक कार्ड यायचं राहिलंय

अण्णा, सव्वानऊ झालेत. आज शनिवार, पोस्टाची खिडकी एक वाजता बंद होते. प्रिंटर चालू करून ठेवलाय, लेबलांची नऊ शीटं ट्रेमध्ये घातली आहेत, आणि मी काम सोडून तुम्हाला हे लिहीत बसले आहे. तुम्ही असता तर एव्हाना दोनदा फोन आला असता. "सुनंदाबाई, झालं का?" आणि मी खेकसून म्हटलं असतं की तुम्ही फोन ठेवलात की होईल.

आज सकाळी फोन आला तो राजाभाऊंचा. मंडळाचे कार्यवाह म्हणून टपाल वेळेत जातंय की नाही हे पाहणं त्यांचं काम, त्याला माझी हरकत नाही. पण त्यांना टपालाची नव्हे, एका ओळीची काळजी होती. म्हणाले, "अनुक्रमांक एकशे अठरा बघून घ्या हं ताई. काकूंचं सौ. काढून गं. भा. करा. नाहीतर हळदीकुंकवाचं निमंत्रण त्यांच्याच घरी जाईल. लोग क्या कहेंगे?" लेबलं निघाली की त्या पानाचा फोटो पाठवा, असंही वर सांगितलं.

एकशे अठरा म्हणजे धारचं तुमचं घर. सौ. शालिनी गोविंद कारखानीस, दत्तमंदिराच्या मागची गल्ली, धार. तुम्हाला जाऊन आज अकरावा दिवस आहे. दोन अक्षरं खोडून दुसरी दोन लिहायची, अर्ध्या मिनिटाचं काम. गेला तासभर मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले आहे आणि माझ्यानं ते होत नाही.

म्हटलं, तुमच्याशीच भांडून घ्यावं. आपलं भांडण तसंही अर्धवट राहिलंय.

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही धारहून दोन बस बदलून देवासला माझ्या दारात आलात तेव्हा तुमच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत ती लांबोडकी वही. माळव्यातल्या आपल्या मराठी घरांतल्या बायकांची यादी. कुक्षी, देवास, धार, मनावर, लोहारदा, एकेका गावाला दोऱ्यानं वेगळं केलेलं. मी तेव्हा कारखान्याच्या डिस्पॅच विभागात होते, रोज शेकडो खोक्यांवर पत्ते चिकटवण्यात हयात गेलेली, म्हणून कुणीतरी तुम्हाला माझं नाव सांगितलं होतं. तुम्ही चहा न घेता विचारलंत, हे सगळं त्या कॉम्प्युटरच्या डब्यात जाईल का?

तीन दिवस तुम्ही वाचलंत आणि मी टाइप केलं. प्रकाश मधून मधून येऊन आपली गंमत बघायचे. कारण आपण पहिल्या दिवसापासून भांडत होतो. मी म्हणायची, लेबलावर चार ओळी मावतात. तुम्ही म्हणायचात, पण कुक्षीच्या त्या घराला 'विहिरीसमोर, निळं दार' लिहिल्याशिवाय पत्र पोचत नाही. मी म्हणायची, पिनकोड आहे ना. तुम्ही म्हणायचात, पिनकोड गावाचा असतो, दाराचा नसतो, आणि पोस्टमन नवा आला तर? शेवटी मी अक्षर बारीक करून पाचवी ओळ बसवली. साध्या कागदावर नमुना काढला, तो लेबलाच्या शीटवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला, तर सगळे पत्ते दोन सुतं वर सरकलेले. पुन्हा मार्जिन बदलली, पुन्हा कागद, पुन्हा खिडकी. सातव्या वेळी जमलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "मॅडम, यह तो कमाल हो गया." मॅडम म्हणायचात ते एक तर खूश असताना, नाहीतर संतापलेले असताना.

टाइप करताना मी विचारलं होतं की नावाआधीच्या सौ. आणि गं. भा. ला वेगळा रकाना कशाला? नावातच लिहू. तुम्ही म्हणालात, नको, वेगळाच हवा, त्याचं काम आहे. आणि ते काम मला समजावून सांगितलंत. चैत्राचं टपाल दोन गठ्ठ्यांत जातं. सौ. असतील त्यांना हळदीकुंकवाचं छापील निमंत्रण. गं. भा. असतील त्यांना साधं पत्र, रामनवमीच्या प्रवचनाला यावे. मी रकान्याला फिल्टर लावून दाखवला. एक बटण दाबलं, सौ. तेवढ्या राहिल्या, बाकीच्या दिसेनाशा झाल्या. तुम्हाला केवढा आनंद झाला होता. आणि खरं सांगते, मलाही. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. सुपातल्याला हसू येतं ते जात्यात पडेपर्यंत.

प्रकाश गेले तेव्हा तुम्ही तेराव्याला आलात. कोपऱ्यात बसून राहिलात, जेवलात, जाताना नुसती मान हलवलीत. मला बरं वाटलं होतं, कारण बाकी सगळे बोलत होते. आणि तेरावा झाल्यावर चौथ्या दिवशी पोस्टानं तुमची नेहमीची दुरुस्तीयादी आली. मनावरच्या एकीचं घर बदललं. धारची एक मुलगी लग्न होऊन गेली. आणि तिसरी ओळ, त्याच पेन्सिलीनं, त्याच संथ अक्षरात: अ. क्र. ४७, देवास, सौ. ऐवजी गं. भा. करणे.

सत्तेचाळीस मी होते. तुमच्या वहीचा नियम मला ठाऊक होता. तेराव्यापर्यंत कुणाचं नाव हलवायचं नाही, वहीला हात लावायचा नाही, आणि तेरावा झाला की मात्र राहू द्यायचं नाही. तुम्ही नियम पाळलात, माझ्यासाठीही आणि माझ्याविरुद्धही. मी ती दुरुस्ती स्वतःच्या हातानं केली. पुढच्या चैत्रात स्वतःच्या हातानं फिल्टर लावला आणि मी लावलेल्या चाळणीतून मीच खाली पडले. शीट बाहेर आलं. देवासच्या बायका एकाखाली एक आल्या, सेहेचाळीस, मग थेट अठ्ठेचाळीस. मी ते शीट हातात धरून उभी राहिले. त्या दिवशी मी रडले, प्रकाश गेल्यावर रडले नव्हते इतकी.

तुम्हाला फोन केला होता मी. आठवतं? मी म्हटलं, अण्णा, तो रकाना काढून टाकू या. तुम्ही शांतपणे म्हणालात की गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी, त्यात अपमान कुठला, माझ्या आईच्या नावापुढेही तेच होतं. मी म्हटलं, तुमच्या आईला कुणी विचारलं होतं का? तुम्ही म्हणालात, "आता हद्द झाली, मॅडम." आणि फोन ठेवलात. ते मॅडम खुशीतलं नव्हतं.

आता जे सांगायचंय ते मी कधी तुमच्या तोंडावर सांगितलं नाही. दहा वाजायला आलेत, लवकर सांगते.

गेल्या चैत्रातला घोटाळा कॉम्प्युटरनं केला नव्हता. मी केला होता. तुम्हाला न विचारता सगळी गं. भा. पुसून टाकायची असं मी ठरवलं होतं. एकेक शोधण्यापेक्षा रकाना अक्षरानुसार लावला की सगळ्या वर एकत्र येतील, मग एका झटक्यात साफ. मी रकाना निवडला, लावला. चौतीसच्या चौतीस वर आल्या. पुसायला बोट उचललं आणि तुमचा फोन वाजला. "सुनंदाबाई, झालं का?" चोराच्या मनात चांदणं. मी दचकून म्हटलं, हो हो, काढतेच आहे, आणि पुसायचं सोडून तशीच प्रिंट दिली. वाटलं, नुसता क्रम बदललाय, बिघडलं काय.

मी फक्त तो एक रकाना लावला होता. नावं जागच्या जागी राहिली आणि त्यांच्यापुढची अक्षरं तेवढी सरकली. यादीत पहिलं गाव कुक्षी. वरच्या चौतीस ओळी म्हणजे जवळजवळ सगळं कुक्षी. नवरे हयात असलेल्या तीस बायकांना मी एका बटणात गं. भा. करून टाकलं. आणि खालच्या गावांतल्या ज्या खरोखर होत्या त्या सगळ्या सौ. झाल्या. मी गठ्ठे मोजले. इकडे चौतीस, तिकडे बाकीच्या. आकडे जुळले. डिस्पॅचवाली बाई आकडे जुळले की पुढचं बघत नाही. लेबलं चिकटवली, टपाल टाकलं.

चार दिवसांनी तुमचा फोन आला तेव्हा तुमचा आवाज ओळखू येत नव्हता. कुक्षीच्या एका बाईचा नवरा इंदूरला अतिदक्षता विभागात होता आणि तिच्या हातात मंडळाचं पाकीट पडलं होतं, गं. भा. लिहिलेलं. तिच्या दिरानं तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं होतं. तुम्ही मला एवढंच विचारलंत, "हे कसं झालं?" आणि मी म्हटलं, "कॉम्प्युटरची चूक झाली असेल." उचलली जीभ, लावली टाळ्याला. इतकं स्वच्छ खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

तुम्ही पंचाहत्तरीचे. चैत्राचं ऊन. दुसऱ्या दिवशी बस पकडून कुक्षीला गेलात आणि दोन दिवस घरोघर फिरलात. प्रत्येकीला खण-नारळ दिलात, छापील निमंत्रण हातात ठेवलंत, आणि सांगितलंत की वहीत माझा हात चुकला, म्हातारा झालो. माझं नाव एकाही घरी काढलं नाहीत. त्या दिराच्या घरी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणे. त्या बाईचे यजमान पुढे बरे होऊन घरी आले, तेव्हा कुठे मी नीट जेवले. परतल्यावर तुम्ही फोन केलात, सगळी घरं झाली म्हणालात, आणि मग हळूच विचारलंत, "सुनंदाबाई, कॉम्प्युटर रागावतो का हो?"

मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, बरं.

तुम्हाला कळलं होतं, अण्णा. मी तेव्हा हो म्हणाले असते तर आज हा सगळा कागद लिहावा लागला नसता.

त्याच फोनवर मी विचारलं होतं की खालच्या गावांतल्या ज्यांना चुकून निमंत्रणं गेली त्यांना कळवायचं का. तुम्ही म्हणालात, आलेलं पत्र परत मागायची रीत नाही आपल्यात. मला वाटलं, येणार कोण आहे?

सात जणी आल्या. धारच्या राममंदिराच्या सभामंडपात दाराशी तुम्ही खुर्ची टाकून बसला होतात, मी तुमच्याशेजारी यादी घेऊन. यादीवाल्यांना निमंत्रण लागत नाही. लोहारद्याच्या मनोरमाबाई सगळ्यांत आधी. ऐंशीच्या पुढच्या, भाचीकडे आदल्या दिवशीच येऊन राहिलेल्या, हातात ते पत्र. त्यांनी ते तुम्हाला दाखवलं आणि म्हणाल्या, "माझं नाव आहे. वाचून घ्या." तुम्ही वाचलंत. मी खाली बघत होते. आत काकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या, मनोरमाबाई सरळ त्यांच्यापाशी गेल्या आणि कपाळ पुढे केलं. सभामंडपातल्या बायका वळून बघू लागल्या. काकूंनी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तुम्ही उठाल, काहीतरी समजुतीचं बोलाल, तुम्हाला ते चांगलं जमायचं. तुम्ही मान खाली घातलीत, माझ्या हातातली यादी ओढून घेतलीत आणि पेन्सिलीनं खूण केलीत. मोठ्यानं म्हणालात, "लोहारदा, एक."

काकूंनी कुंकू लावलं. मग डाळ आणि पन्हं. पाठोपाठ बाकीच्या सहा.

त्यावर आपण कधीच बोललो नाही. मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी म्हणाल, चूक नाहीतर बरोबर, काहीही. आणि दिवाळीत मला पोस्टानं कार्ड आलं. 'सप्रेम नमस्कार. मंडळाच्या यादीत आपल्या नावाआधी काय लिहावे हे आपण कळवावे. काही लिहू नये असे वाटल्यास तसेही कळवावे. उत्तरासाठी पत्ता घातलेले कार्ड सोबत जोडले आहे. गो. वा. कारखानीस.' मला इतका राग आला. मला? आठवड्यातून तीनदा फोन करता, माझ्या घरी तीन दिवस जेवला आहात, आणि मला छापल्यासारखं कार्ड? मी ते खणात टाकलं. नंतर तुम्ही फोनवर दोनदा आठवण केलीत, "सुनंदाबाई, एक कार्ड यायचं राहिलंय." मी म्हटलं, पोस्टात गहाळ झालं असेल. दुसऱ्या वेळेला तुम्ही म्हणालात, हरकत नाही, थांबतो.

फाल्गुनात तुम्ही गेलात. थांबतो म्हणणाऱ्या माणसानं असं करू नये.

साडेदहा. राजाभाऊंचा पुन्हा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास म्हणतात तशी माझी गत आहे, आणि नमुना काढताना प्रिंटरनं एक शीट चावून टाकलंय.

तुमच्या मुलानं धारहून इकडे येणाऱ्या एका गाडीवाल्याबरोबर बिस्किटांचा जुना डबा पाठवला होता, त्यात तुमची यादीची कागदपत्रं. बिचारा फोनवर म्हणाला, "ताई, मराठी बोलायला येते, पण पप्पांचं अक्षर वाचायला गेलो तर पूरा दिन लग जाता है, तुम्हीच बघा." डबा चार दिवस टेबलावर तसाच होता. आज, तुमच्याशी भांडता भांडता, उघडला.

आत कार्डं आहेत, रबर लावून. मी एकटी नव्हते तर. चौतीसही जणींना तुम्ही तेच कार्ड पाठवलं होतं. तेच शब्द, तीच सही. चौतीस वेळा हातानं लिहिलेलं, छापल्यासारखं मला उगीच वाटलं. तेहेतीस उत्तरं आली आहेत. धारची एक लिहिते की गं. भा. च राहू द्या, सासूबाईंच्या नावापुढेही हेच होतं, मला ते आवडतं. ते कार्ड मी दोनदा वाचलं. मला वाटत होतं की सगळ्यांच्या वतीनं मीच भांडते आहे. मनावरच्या दोघी लिहितात, काही नको, नुसतं नाव. एक म्हणते, श्रीमती चालेल, नातवाच्या शाळेत तेच लिहितात. आणि मनोरमाबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलंय, खाली थरथरती सही त्यांची: 'जे लिहिल्याने चैत्राचे पत्र येईल ते लिहावे.'

त्या कार्डावर तुमच्या पेन्सिलीची खूण आहे. बाजूला काही लिहायला घेतलंत, एक अक्षर झालं आणि खोडलंत.

डब्याच्या तळाशी तुमची शेवटची दुरुस्तीयादी. तेहेतीस ओळी, प्रत्येकीपुढे तिनं सांगितलं ते. चौतिसावी ओळ अशी: 'अ. क्र. ४७, देवास. सुनंदा प्रकाश देशमाने. उत्तर यायचे आहे. थांबणे.'

नावाआधीची जागा तुम्ही मोकळी सोडली आहे. मी कळवेपर्यंत तुम्ही तिथे काहीच लिहिलं नाहीत. अण्णा, मला माफ करा. कुक्षीसाठी, त्या खोट्यासाठी, आणि खणात पडलेल्या त्या कार्डासाठी. तुमचं विचारणं मला अपमान वाटलं, आणि मी तर भांडत होते तेवढ्याचसाठी, की कुणीतरी विचारावं.

मग मी काकूंना फोन केला. घरात माणसं होती, भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी म्हणत होतं की त्यांना आता फोन देऊ नका. पण काकू आल्या. मी म्हटलं, काकू, चैत्राची लेबलं काढतेय. अण्णा सगळ्यांना विचारत होते तेच तुम्हाला विचारायचंय. तुमच्या नावाआधी काय लिहू?

विचारलं आणि मला वाटलं, मी भयंकर काहीतरी केलं. काकू म्हणाल्या, "अकरा दिवसांत पहिल्यांदा कुणी मला विचारून राहिलंय गं. बाकी सगळे सांगूनच राहिलेत."

पुन्हा भांड्यांचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "शालिनी गोविंद लिही. पुढे काही नको. मागे यांचं नाव आहे, तेवढं पुरे."

आणि पत्र कोणतं पाठवू, मी विचारलं. निमंत्रण की साधं?

"निमंत्रण. येणं न येणं माझं मी ठरवीन, यंदाचं वर्ष दुखवट्याचं आहे, नाहीच येणार बहुतेक. पण पत्र यायला पाहिजे."

मी फोन ठेवला आणि फिल्टर काढून टाकला. रकाना राहू दिलाय, अण्णा, तेवढं तुमचं ऐकलं. ज्यांनी गं. भा. सांगितलं त्यांचं गं. भा. आहे, श्रीमतीवालीचं श्रीमती. पण चाळणी नाही. दोनशे बारा लेबलं आणि गठ्ठा एक. छापील निमंत्रणं पस्तीस कमी पडत होती, ती साध्या कागदावर घरच्या प्रिंटरवर काढली. यावेळी मी नुसते आकडे जुळवले नाहीत. दोनशे बाराही नावं तुमच्या यादीशी मोठ्यानं वाचून ताडली, तुम्ही वाचायचात तशी. कुक्षी दोनदा वाचलं.

राजाभाऊंचा तिसरा फोन मी उचलला आणि काय केलंय ते सांगून टाकलं. ते चांगलेच तापले होते. म्हणाले, हे कुणाला विचारून केलंत? यादी आता मंडळाची आहे, नवा यादीप्रमुख समितीत ठरेल. मी म्हटलं, "ठरवा की. पण तेरावा सोमवारी आहे. तेराव्यापर्यंत नाव हलवायचं नाही, हा वहीचा नियम. यादी अजून अण्णांची आहे, आणि मी त्यांनी लिहिलंय तसंच काढलंय, काकूंचं तेवढं काकूंना विचारून." ते म्हणाले, "सोमवारनंतर बोलू." बोलतील. मला माहीत आहे ते सोडणार नाहीत आणि समितीत माझ्या बाजूनं फार हात वर होणार नाहीत. पुढच्या चैत्रात काय होईल ते तेव्हा बघू. यंदाचं टपाल तर पाकिटांत गेलं.

आता बारा वाजून दहा मिनिटं झालीत. पिशव्या भरल्या आहेत, रिक्षावाला खाली हॉर्न वाजवतोय. खिडकीवरच्या माणसानं परवाच बजावलंय, "मॅडम, एक बजे के बाद मत आना." निघायलाच हवं.

जाताना खणातलं ते उत्तराचं कार्ड काढलं. तुमच्या अक्षरातला तुमचाच पत्ता, दत्तमंदिराच्या मागची गल्ली, धार, पाचवी ओळ सुद्धा आहे. मागच्या बाजूला लिहिलं आहे: अ. क्र. ४७. सुनंदा प्रकाश. पुढे काही नको. कॉम्प्युटर रागावला होता, अण्णा.

शनिवारी टाकलेलं कार्ड सोमवारी दुपारच्या टपालानं धारला पोचतं, तुम्हीच सांगितलं होतंत. सोमवारी तेरावा. म्हणजे पोचेल तेव्हा यादी अजून तुमच्याकडेच असेल. माझी ओळ मी इथे भरलेली नाही. ती मोकळीच ठेवून लेबल काढलंय. नोंद तुम्ही करा.